मोटारीची मऊ चाल आणि किनाऱ्याची खारी हवा

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही चार दिवसांसाठीं अलिबागेकडे आमच्या आतेभावाच्या घरीं गेलों होतों. अलिबागेहून नागांव-चौलवरून रेवदंड्यास जी सडक जाते, तिच्या दोहों बाजूंस नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. त्यांपैकीं एका वाडींत त्याचें घर आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अंगणांत येऊन पाहतों, तों त्याची मोटार मागच्या बाजूनें पार खालीं बसलेली! पुढची बाजू नेहमींसारखी, आणि मागची मात्र गोठ्यांतील म्हैस बसावी तशी जमिनीलगत. एंजिन सुरू करतांच ती हळूहळू उठली खरी. पण फाटकाबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यांत असा दणका बसला कीं मागें बसलेल्या आत्याबाईंच्या तोंडून ‘आई ग!’ एवढेच शब्द बाहेर पडले.

ही मोटार घेतली होती ती आत्याबाईंसाठींच. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वीं कमरेच्या हाडाची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना दर महिन्यास मुंबईस दाखवावयास न्यावें लागतें. उन्हाळ्या-हिवाळ्यांत मांडव्याहून जलमार्गानें जातां येतें. पावसाळ्यांत लांची बंद असतात, आणि मोटारी वाहून नेणारें रो-रोचें जहाज हवामान पाहून सुटतें. मग वडखळ-पेण-पनवेलवरून सडकेनें जाण्यावांचून गत्यंतर नसतें. त्या सडकेचें वर्णन रायगडकरांस सांगावयास नकोच. म्हणून आतेभावानें सांठवलेल्या पैशांतून एक जुनी, परदेशी बनावटीची मोटार घेतली. तिचीं मागचीं चाकें पोलादी स्प्रिंगवर नसून तेल आणि वायु यांच्या आधारावर झुलतात. प्रथम प्रथम ती अशी मऊ चाले कीं आत्याबाईंना वाटेंत झोंप लागे. दोन पावसाळे गेले, आणि तिची ही दशा झाली. मोटार कोणत्या कारखान्याची, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दोष कारखान्याचा नव्हता, हें पुढें दिसून येईलच.

घरांत अर्थातच मतभेद होते. मुलाचें म्हणणें, मोटार येईल त्या किंमतीस विकून टाकावी. शेजाऱ्यांचा सल्ला, तेला-वायूचें हें लचांड काढून साधे पोलादी स्प्रिंग बसवावे. आतेभावानें आम्हांस एकच प्रश्न विचारला : “ही रचनाच मुळीं भरंवशाची नाहीं काय?” त्याचें उत्तर देण्यासाठीं आम्हीं जें वाचलें, पाहिलें व जाणत्यांस विचारलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों. अशा मोटारी आपल्याकडे थोड्याच असल्या, तरी या उत्तराचा उपयोग यंत्र बाळगणाऱ्या प्रत्येक घरास होईल असें आम्हांस वाटतें.

मोटारीस स्प्रिंग कां लागतात, हें प्रथम पाहूं. चाक खड्ड्यांत उतरतें किंवा उंचवट्यावर चढतें. तो हिसका आंतील माणसांपर्यंत पोहोंचूं नये, म्हणून चाक आणि सांगाडा यांच्यामध्यें कांहीं तरी लवचीक वस्तु घालावी लागते. बैलांच्या छकड्यास ती नसते. टांग्यास पोलादी पट्ट्यांची कमान असते. मोटारीस कमान तरी असते, नाहीं तर वळ्यांचा स्प्रिंग. पण पोलादाची एक अडचण आहे. त्याचा ताठपणा कायमचा ठरलेला असतो. पूर्ण भार पेलेल एवढी कमान ताठ केली, कीं गाडी रिकामी असतांना ती उडते. एस. टी.च्या गाडीनें प्रवास करणाऱ्यांस हा अनुभव नित्याचा आहे : भरलेली गाडी बरी चालते, आणि शेवटच्या थांब्याकडे निघालेली रिकामी गाडी हाडें खिळखिळीं करते.

वायूचा स्वभाव निराळा आहे. सायकलीच्या पंपाचें तोंड बोटानें बंद करून दांडा दाबून पाहावा. आरंभीं तो सहज जातो; जसजसा दाबावा तसतसा अधिक विरोध करूं लागतो. रॉबर्ट बॉइल यानें १६६२ सालीं प्रसिद्ध केलेला नियम हाच : तपमान सारखें राहिलें, तर वायूचें आकारमान निम्मे होतांच त्याचा दाब दुप्पट होतो. म्हणजे वायूचा स्प्रिंग भार वाढेल तसा आपण होऊन ताठ होतो, आणि भार कमी होतांच मऊ होतो. जें पोलादास साधत नाहीं तें वायूस उपजतच साधतें.

हा गुण मोटारींत कसा आणला आहे, तें पाहा. चाकाजवळ सोललेल्या नारळाएवढा एक पोलादी गोल असतो. त्याच्या पोटांत मधोमध एक रबरी पडदा. पडद्याच्या एका बाजूस मोठ्या दाबानें कोंडलेला नायट्रोजन वायु, आणि दुसऱ्या बाजूस तेल. चाक वर उचललें गेलें, कीं त्यास जोडलेला दट्ट्या तेलास ढकलतो, तेल पडद्यास ढकलतें, आणि पडदा वायूस दाबतो. गोलाच्या मानेंत एक बारीक छिद्रांची झडप असते. तेल तिच्यांतून कष्टानें जातें-येतें, त्यामुळें गाडी झोंपाळ्यासारखी झुलत राहत नाहीं, एका हेलकाव्यांत स्थिर होते. कोंडण्यास साधी हवा न घेतां नायट्रोजन घेतात, याचें कारण हवेंत प्राणवायु आहे. प्राणवायूनें रबर लवकर जून होतें, आणि मोठ्या दाबाखालीं तेलाशीं गांठ पडल्यास पेट घेण्याचें भय असतें.

यांशिवाय एंजिनावर चालणारा एक पंप, आणि मोटारीची उंची राखणारी एक झडप असते. मागें तीन माणसें बसलीं, मोटार खचली, कीं ही झडप उघडून जास्त तेल आंत घेते व मोटार पूर्वीच्या उंचीवर येते; माणसें उतरलीं कीं तेल परत टाकीस जातें. या नळ्यांतून वाहणाऱ्या तेलाचा दाब किती असतो, याची कल्पना यावी म्हणून एक तुलना देतों. या पद्धतीच्या जुन्या फ्रेंच मोटारींत तो सुमारें १५० ते १७० बार असे. आपल्या मोटारीच्या टायरमधील दाबाच्या हा सुमारें सत्तर पट झाला. कळसूबाईच्या शिखराची उंची १६४६ मीटर आहे. पायथ्याशीं समुद्रसपाटीवर उभे राहून तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ डोक्यावर धरल्यास जो दाब पडेल, तेवढाच हा. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें महत्त्व पुढें येईल.

ही रचना जगापुढें आणली ती सित्रोएन या फ्रेंच कारखान्यानें, आणि तिचा जनक पॉल माजेस हा मोठ्या विद्यालयाचा पदवीधर नव्हता. कारखान्यांतच शिकून तो मोठा झाला. १९५४ सालीं ही रचना प्रथम एका जुन्या नमुन्याच्या मोटारीच्या मागच्या चाकांस बसवून पाहिली, आणि १९५५ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत चारी चाकें तेला-वायूवर झुलणारी ‘डीएस’ ही मोटार लोकांनीं पाहिली. तिच्यांत एकाच पंपाचा दाब ब्रेकांस, सुकाणूस व गिअर बदलण्यासही वापरला होता. २२ ऑगस्ट १९६२ रोजीं पॅरिसजवळ अध्यक्ष द गॉल यांच्यावर मारेकऱ्यांनीं गोळ्यांचा वर्षाव केला. टायर फुटले असतांही त्यांची डीएस मोटार न उलटतां वेगानें निसटली, आणि या रचनेचें नांव सर्वतोमुखीं झालें. रोल्स-रॉइस कारखान्यानें १९६५ च्या ‘सिल्व्हर शॅडो’ मोटारीची उंची राखण्यासाठीं सित्रोएनचाच परवाना घेतला. मर्सिडीज-बेंझनें १९७५ सालीं आपल्या मोठ्या ४५० एसईएल ६.९ या मोटारीस तेला-वायूची झूल दिली. खुद्द सित्रोएननें ती साठांहून अधिक वर्षें चालविली. ‘सी-५’ मोटारीबरोबर २०१७ सालीं युरोपांत ती परंपरा संपली.

आपल्या देशांत घरगुती मोटारींत ही रचना कधींच रुळली नाहीं. २०२१ सालीं सित्रोएनची ‘सी-५ एअरक्रॉस’ भारतांत विक्रीस आली, तेव्हां तिच्या तेलाच्या उशांची चर्चा झाली; पण त्या मोटारीस पोलादी स्प्रिंगच होते, आणि शॉक अब्सॉर्बरच्या दोन्ही टोकांस तेलाचे जादा अडसर बसविले होते. ती वस्तु निराळी. उलट, तेला-वायूची झूल आपल्याकडे खरी नांदते आहे ती लष्करांत. २००४ पासून सैन्यांत दाखल झालेला अर्जुन रणगाडा तिच्यावर चालतो. ९ नोव्हेंबर २०१८ रोजीं नाशिकजवळ देवळाली येथें समारंभानें सैन्यांत घेतलेली ‘के-९ वज्र’ ही स्वयंचलित तोफही तशीच. पन्नास-साठ टनांचीं धुडें खाचखळग्यांतून दौडवावयाचीं, तेव्हां सेनापति लहरी यंत्रावर विश्वास टाकीत नाहींत. मग तीच रचना लष्करांत भरंवशाची आणि गृहस्थाच्या अंगणांत बेभरंवशाची कां ठरावी? फरक एवढाच कीं रणगाड्याची तपासणी कोणत्या दिवशीं व्हावयाची हें आधीं लिहिलेलें असतें, आणि गृहस्थाच्या मोटारीची तपासणी ती बसल्यावर होते.

या रचनेस पहिली अपकीर्ति मिळाली तिचें कारण मोठें उद्बोधक आहे. आरंभीच्या डीएस मोटारींत जें तेल घालीत तें खनिज तेल नव्हतें. ब्रेकच्या तेलाच्या जातीचें होतें, आणि हवेंतील ओल शोषून घेण्याचा त्यास दुर्गुण होता. ओल आंत गेली, कीं आरशासारखे गुळगुळीत घांसलेले दट्टे आंतून गंजूं लागत. गंजाचे कण झडपांत अडकत. आणि मोटार रस्त्यांत बसे. १९६६ च्या सुमारास कारखान्यानें हें लाल तेल टाकून हिरव्या रंगाचें खनिज तेल घेतलें, जें ओल शोषीत नाहीं. चूक होऊं नये म्हणून नव्या रचनेचे भागही हिरवे रंगविले. कारण एका जातीच्या तेलास चालणारें रबर दुसऱ्या जातीच्या तेलांत फुगतें, मऊ पडतें व फाटतें. तरीही गांवोगांवच्या गॅरेजांत हाताशीं असेल तें तेल ओतण्याचा प्रकार चालेच; आणि मोटार बिघडली म्हणजे ‘ही जातच वाईट’ असा निकाल मिळे. यंत्राचा पुष्कळसा दुर्लौकिक हा त्याच्या पोटांत ओतलेल्या चुकीच्या वस्तूचा दुर्लौकिक होता.

आमच्या भगिनीवर्गास ही गोष्ट पटावयास वेळ लागणार नाहीं. आत्याबाई लोणच्याच्या बरणीस ओला चमचा लागूं देत नाहींत; वर्षाचें लोणचें बुरसलें, तर दोष कैरीचा नव्हे, त्या चमच्याचा, हें त्या जाणतात. तेला-वायूच्या मोटारीस नेमकें तेंच सोंवळें लागतें. तेल नेमून दिलेल्या जातीचें, डबा कोरडा, नरसाळें स्वच्छ, आणि काम झालें कीं टाकीचें झांकण घट्ट. केसाएवढा कचरा या झडपांस पुरे होतो.

आतां आमच्या किनाऱ्याकडे वळूं. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतचा हा टापू यंत्रास मोठा कठोर आहे. अलिबागेस वर्षाकाठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक चारच महिन्यांत. उरलेल्या आठ महिन्यांत लाटांच्या तुषारांतून उडालेलें मीठ वाऱ्याबरोबर येऊन लोखंडावर बसतें. मीठ हवेंतील ओल धरून ठेवतें, म्हणून वरून कोरडें दिसणारें लोखंडही आंतून गंजत राहतें. खिडकीचे गज, विहिरीचा रहाट, दाराचे कडीकोयंडे येथें किती वर्षें टिकतात, तें प्रत्येक घरास ठाऊक आहे. तेंच मोटारीच्या पोटाखालीं घडतें, फक्त तें कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं.

त्यांत आणखी एक नवी हौस निघाली आहे. मोटारी थेट पुळणींत उतरवून लाटांच्या कडेनें फिरवावयाच्या! ओहोटीची ओली वाळू टणक दिसते. पण चाकांनीं उडविलेलें तें खारें पाणी व वाळू पोटाखालच्या प्रत्येक सांदींत जाऊन बसते. रो-रोच्या जहाजावरून येतांना उडणारे तुषार वेगळेच. साधी पोलादी कमान हें सर्व पुष्कळ दिवस सोशील. तेलाची बारीक पोलादी नळी तें सोशीत नाहीं. नळी जेथें चिमट्यांत धरलेली असते, तेथें चिखल व मीठ सांठून राहतें. तेथेंच तिला सुईच्या टोंकाएवढें भोंक पडतें, आणि कळसूबाईएवढ्या दाबास तेवढें भोंक पुरेसें होतें.

आमच्या आतेभावाच्या मोटारीचें नेमकें हेंच झालें होतें. अलिबागेच्या एका मिस्त्र्यानें ती वर घेऊन पोट दाखविलें, तेव्हां मागच्या आंसावरील चिमट्यांत नळी तेलानें ओली होती. टाकींत तेल तळास गेलेलें. आणि तें तेलही मूळ जातीचें नव्हतें. मध्यंतरीं कोणी तरी दुसरेंच ओतून वेळ मारून नेली होती. दोन्ही गोलांतील पडदे फाटून वायु केव्हांच निघून गेला होता. गोलांत सर्वत्र तेलच. आणि तेल दाबलें जात नाहीं. म्हणजे आत्याबाई कित्येक महिने स्प्रिंगवर नव्हे, पोलादाच्या ठोकळ्यावर बसून पनवेलपर्यंत जात होत्या! श्रावणांत कार्लेखिंडीच्या वळणावर ब्रेक लावतांना मोटारीची मागची बाजू उडून बाजूस सरकली होती. आतेभावानें तेव्हां तो दोष ओल्या रस्त्यास दिला. चाक उसळून रस्त्यापासून सुटलें, कीं ब्रेक कितीही चांगला असो, त्या क्षणीं त्याचा उपयोग शून्य. मऊ चाल ही केवळ चैन नव्हे; चाक रस्त्यास धरून ठेवणें हें तिचें पहिलें काम आहे.

मिस्त्री पुस्तक मिटीत म्हणाला, “साहेब, गाडी वाईट नाय. गाडी सांगत होती. कोणी ऐकलं नाय.”

हें अगदीं खरें. तेला-वायूची झूल एकाएकीं दगा देते असा समज आहे; वस्तुतः ती फार दिवस आधीं सूचना देत असते. पण तिचा बिघाड इतका हळू वाढतो, कीं रोज बसणाऱ्यास तो कळत नाहीं. नायट्रोजन रबरी पडद्यांतून थोडाथोडा झिरपतो, जसा फुगा गांठ घट्ट असतांही चार दिवसांत सुरकुततो. हा गोलाचा दोष नव्हे, रबराचा धर्म आहे. म्हणून गोल ही, टायरप्रमाणें, झिजण्यासाठींच केलेली वस्तु समजावी. दाब वेळींच मोजून वायु भरला वा गोल बदलला तर पडदा वांचतो. उशीर झाला तर पडदा ताणून फाटतो, दणके नळ्यांस व सांध्यांस बसूं लागतात, आणि एका गोलाच्या खर्चाचे दहा खर्च होतात.

सूचना कोणत्या, त्या सांगतों. सकाळीं एंजिन सुरू करण्यापूर्वीं चाक आणि वरची कड यांमध्यें किती बोटें अंतर आहे तें पाहावें. जुन्या फ्रेंच मोटारी उभ्या राहिल्या म्हणजे कांहीं वेळानें खालीं बसत, तो त्यांचा स्वभावच होता. पण जी मोटार आठवडाभर उंच राहत असे ती एका रात्रींत बसूं लागली, तर तेल कोठें तरी गळत आहे. एंजिन चालू असतां मोटारीचा कोपरा दोन्ही हातांनीं दाबावा. तो गादीसारखा दबून संथपणें वर आला तर गोल शाबूत. भिंतीसारखा कठीण लागला तर त्यांतील वायु गेला. जुन्या सित्रोएन मोटारींत दाब राखणारें एक यंत्र ‘टक्’ असा आवाज करी. हा आवाज दर कांहीं सेकंदांनीं येऊं लागला, कीं सांठ्याचा गोल रिता झाला असें जाणते ओळखीत. तेलाची पातळी पुस्तकांत सांगितलेल्या रीतीनेंच पाहावी. कांहीं मोटारींत ती मोटार सर्वांत उंच असतांना पाहावयाची असते, एरव्हीं चुकीची दिसते.

किनाऱ्यावरील घरांनीं याखेरीज दोन कामें जोडावीं. पुळणीवरून, जहाजावरून वा खाडीच्या पाण्यांतून मोटार आली, कीं त्याच दिवशीं तिचें पोट गोड्या पाण्यानें, चिमट्यांच्या सांदींसह, धुवावें. आणि वर्षांतून दोनदां, वैशाखांत पाऊस लागण्यापूर्वीं व आश्विनांत पाऊस सरल्यावर, ती वर घेऊन प्रत्येक नळी, प्रत्येक रबरी टोपण व उंची राखणाऱ्या झडपेचे सांधे डोळ्यांनीं पाहवून घ्यावे. गंज दिसेल तेथें घांसून रंग वा ग्रीस लावावें. याला फारसा पैसा लागत नाहीं, आठवण लागते.

एक गोष्ट मात्र कोणीही स्वतः करूं नये. पोकळ हौसेनें मोटारीखालीं शिरून नळी सैल करणें म्हणजे मृत्यूशीं खेळ आहे. दाब सुटतांच मोटार क्षणांत खालीं येते. खालीं भक्कम आधार नसेल तर शिरलेला माणूस चिरडतो. सुईसारख्या भोंकांतून उडणारी तेलाची धार कातडी भेदून मांसांत शिरते. जखम टांचणी टोंचल्याएवढी दिसते, पण ती शस्त्रक्रियेची निकड असते. ‘उद्यां पाहूं’ म्हटल्यास हात गमावण्याची पाळी येते. गळती शोधावयाची तर ती पुठ्ठ्यानें शोधावी, बोटानें कधींही नाहीं. आणि दाब सोडल्यावांचून कोणताही सांधा उघडूं नये.

‘पण अशी निगा करणारा माणूस आमच्या गांवीं मिळणार कोठें?’ असा प्रश्न वाचक विचारतील. तो रास्त आहे. तरी यांत एक आशादायक गोष्ट आम्हांस आढळली. मुंबई-गोवा महामार्गाचें रुंदीकरण २०११ पासून रायगडांत वर्षानुवर्षें चाललें. जिल्ह्यांत दगडाच्या खाणी व कारखानेही पुष्कळ. खडक फोडण्याचे जे यांत्रिक हातोडे तेथें दिसतात, त्यांच्या पोटांतही नायट्रोजन कोंडलेला असतो, आणि तो वेळोवेळीं भरावा लागतो. म्हणजे नायट्रोजनची टांकी, दाब मोजण्याचें घड्याळ आणि तें वापरणारे कारागीर पनवेल-तळोज्याच्या बाजूस आहेतच. मोटारवाल्यास ते ठाऊक नसतात, आणि त्यांना मोटार ठाऊक नसते. दोघांची गांठ घालून दिली, तर ज्या गोलांस वायु भरण्याचें तोंड आहे आणि ज्यांचा पडदा शाबूत आहे, त्यांचें काम परदेशीं न जातां होऊं शकतें.

आतेभावाच्या गोलांचे पडदे मात्र फाटले होते, म्हणून हा उपाय त्यास लागू पडला नाहीं. नवे गोल परदेशाहून मागवावे लागले. ते येण्यास सहा आठवडे लागले. नळी नवी केली, चुकीचें तेल काढून सारी रचना धुवून घेतली, आणि नेमकें तेल भरलें. खर्च थोडा झाला नाहीं. पोलादी स्प्रिंग बसविण्याचा विचारही आम्हीं नीट केला. एवढेंच दिसून आलें कीं जी मोटार प्रथमपासून तेला-वायूसाठीं बेतली आहे, तिला दुसरा स्प्रिंग म्हणजे मापावांचून घेतलेला जोडा. चालतां येतें, पण पाय सुखावत नाहीं. आणि ज्या मोटारींत ब्रेकही त्याच दाबावर चालतात, तिच्या रचनेस तर असा हात मुळींच लावूं नये.

म्हणून आतेभावाच्या प्रश्नास आमचें उत्तर असें : ही रचना भरंवशाची आहे, पण तिचा भरंवसा पोलादांत नाहीं, तिथिवारांत आहे. साधी कमान हयगय सोसते. तेला-वायूची झूल सोशीत नाहीं. ज्या घरीं पुस्तक वाचून, वही ठेवून, ठरल्या दिवशीं मोटार दाखविली जाते, त्या घरीं ती अनेक वर्षें सुखानें नांदेल. ज्यांना हें होणें नाहीं, त्यांनीं स्वस्त मिळते म्हणून जुनी, झुलती मोटार घेऊं नये. पोलादी स्प्रिंगची साधी मोटार घ्यावी, त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. विशेषतः मागील मालकाची वही पाहिल्यावांचून तर घेऊंच नये.

हें शास्त्र आमच्या किनाऱ्यास नवें आहे असेंही नाहीं. जून-जुलैंत मासेमारी बंद असते. त्या वेळीं रेवदंड्याच्या खाडीकडे जाऊन पाहावें. कोळ्यांनीं आपल्या होड्या ओढून वर घेतलेल्या असतात. फटी बुजवावयाच्या, तळ खरवडावयाचा, तेल-रंग द्यावयाचा, जाळीं दुरुस्त करावयाचीं, अशीं कामें चाललेलीं असतात, आणि नारळी पौर्णिमेस होडी सज्ज होते. होडी भर समुद्रांत फुटेल तेव्हां पाहूं, असें कोणी कोळी म्हणत नाहीं. ती लांकडाची आहे, समुद्र खारा आहे, आणि आपणांस तिच्यांत बसावयाचें आहे, या तीन गोष्टी तो कधीं विसरत नाहीं.

फाल्गुनांत आतेभावाचें पत्र आलें. मोटार रात्रभर उंच उभी राहते. वही आत्याबाईंनीं स्वतःकडे घेतली आहे. लोणच्याच्या व पापडांच्या हिशेबाची जुनी वही होती, तिच्याच मागच्या पानांवर. रोज सकाळीं तुळशीस पाणी घातल्यावर त्या काठी टेकीत मोटारीपाशीं जातात, चाकावर बोटें ठेवून अंतर मोजतात, आणि तारखेपुढें आंकडा लिहितात. आजवर तो चार बोटेंच आहे.